स्विच-ऑन

गेले काही दिवस एक विषय डोक्यात घोळतोय. आठवडाभर ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती, आज शनिवार, म्हटलं लिहूनच टाकावं. विषय थोडा मेडिकल आहे, पण घाबरू नका. मी डॉक्टर नाही. वायरी, सिग्नल आणि सॉफ्टवेअर एवढंच मला कळतं, आणि गंमत म्हणजे या विषयात तेच जास्त आहे.

'स्विच-ऑन'चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जन्मापासून ऐकू न येणारं मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतं, समोर लॅपटॉप घेऊन ऑडिऑलॉजिस्ट. कुणीतरी एक बटण दाबतं. मूल दचकतं, डोळे मोठे करतं, इकडेतिकडे बघतं. आईच्या डोळ्यांत पाणी. बघणाऱ्या आपल्याही. दीड-दोन मिनिटांत व्हिडिओ संपतो आणि आपण तो चार ग्रुपवर फॉरवर्ड करतो.

असाच एक व्हिडिओ २०१३ च्या जूनमध्ये जगभर फिरला होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला तीन वर्षांचा मुलगा. पण त्याचं यंत्र नेहमीचं नव्हतं. नेहमीचं कॉक्लिअर इम्प्लांट त्याला आधी बसवून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. कारण कानाकडून मेंदूकडे जाणारी श्रवणाची नसच त्याला जन्मतः नव्हती. मग डॉक्टरांनी कान अख्खा बायपास केला आणि इलेक्ट्रोड थेट मेंदूच्या देठावर, म्हणजे ब्रेनस्टेमवर नेऊन ठेवले. इतक्या लहान मुलांवर हे करून बघायला अमेरिकेच्या एफडीएने नुकतीच परवानगी दिली होती, आणि त्या चाचणीतल्या पहिल्या काही शस्त्रक्रियांपैकी ही एक.

मी तो व्हिडिओ बऱ्याच वर्षांनी पाहिला आणि मग याबद्दल वाचतच सुटलो. वाचता वाचता लक्षात आलं की आपण व्हिडिओत जे बघतो तो फक्त 'गो-लाइव्ह'चा दिवस असतो. आपल्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, गो-लाइव्हच्या दिवशी केक कापतात, फोटो काढतात. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं.

आधी थोडं बेसिक.

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तिथून तीन चिमुकल्या हाडांमार्फत आतल्या कॉक्लियात जातो. कॉक्लिया म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी. तिच्यात साधारण १५,००० हेअर सेल्स असतात. शंखाच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज पकडले जातात, आत टोकाकडे खर्जातले. थोडक्यात, हार्मोनियमच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्यासारखं. या पेशी आवाजाचं विजेच्या स्पंदनांत रूपांतर करतात आणि सुमारे ३०,००० तंतूंची नस ती स्पंदनं ब्रेनस्टेमकडे नेते.

बहुतेक बहिऱ्या मुलांमध्ये बिघाड असतो तो हेअर सेल्समध्ये. नस शाबूत असते. कॉक्लिअर इम्प्लांट याच गोष्टीचा फायदा घेतं. बाहेर मायक्रोफोन आणि प्रोसेसर, आत कॉक्लियात सरकवलेली १२ ते २२ इलेक्ट्रोडची तार. प्रोसेसर आवाजाचे फ्रिक्वेन्सीनुसार तुकडे करतो आणि ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या पट्टीवर वाजवतो. १९५७ मध्ये पॅरिसला जुर्नो आणि एरिएस यांनी श्रवणाच्या नसेला पहिल्यांदा थेट वीज दिली, १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅहम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं, आणि आज लहानपणी इम्प्लांट झालेली कित्येक मुलं साध्या शाळेत शिकतायत, फोनवर बोलतायत. माणसाच्या एखाद्या ज्ञानेंद्रियाचं काम यंत्राने इतकं चांगलं केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण नसच नसेल तर? कॉक्लियात कितीही चांगलं यंत्र बसवा, सर्व्हर चालू आणि केबलच नाही अशी गत. काही मुलांत कॉक्लियाच तयार झालेला नसतो. काहींच्या बाबतीत मेनिंजायटिसनंतर तो आतून हाडाने भरून जातो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे नवजात बाळांची जी सर्वांत सोपी श्रवण तपासणी असते, ओएई नावाची, ती फक्त कॉक्लियातल्या पेशी प्रतिसाद देतायत का ते बघते. पेशी ठीक आणि नस गायब असं असेल तर बाळ ही तपासणी पास होऊ शकतं! सगळे निश्चिंत, आणि वर्षभराने आजी म्हणते, "अगं, हाक मारली तरी बघत कसं नाही हे?" नसेची खबर घ्यायला मेंदूच्या लहरी मोजणारी वेगळी तपासणी आणि पुढे एमआरआय लागतो.

तर अशा मुलांसाठी शेवटचा थांबा म्हणजे ब्रेनस्टेम.

ही कल्पना मुळात मुलांसाठी नव्हतीच. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी पहिलं ब्रेनस्टेम इम्प्लांट बसवलं ते एका प्रौढ बाईला. तिला एनएफ-२ नावाचा आनुवंशिक आजार होता. यात दोन्ही श्रवणाच्या नसांवर गाठी वाढतात. गाठ काढताना नस जाते आणि माणूस कायमचा बहिरा होतो. हाउस-हिट्सेलबर्गर जोडीने विचार केला की कवटी उघडलीच आहे, तर नस जिथे जाऊन पोचते त्या जागेवरच, कॉक्लिअर न्यूक्लियसवर, इलेक्ट्रोड ठेवून बघू. आवाज ऐकू आला! पुढे इलेक्ट्रोड वाढले, आणि २००० मध्ये एफडीएने २१ इलेक्ट्रोडच्या यंत्राला एनएफ-२ च्या १२ वर्षांवरच्या रुग्णांसाठी मान्यता दिली.

पण निकाल यथातथाच होते. बहुतेकांना आवाजाची जाणीव होई, ओठांच्या हालचाली वाचायला मदत होई, पण नुसतं ऐकून वाक्य समजणं फार थोड्यांना जमलं. सगळ्यांनी मान डोलावली की बरोबर आहे, मेंदूवर इतक्या वर जाऊन वीज दिली तर एवढंच मिळणार.

इथे गोष्टीत इटली येते. व्हेरोना शहरात व्हिट्टोरिओ कोलेत्ती नावाचे सर्जन होते. त्यांनी हेच यंत्र गाठ नसलेल्या माणसांना बसवायला सुरुवात केली. कुणाची नस अपघातात तुटलेली, कुणाचा कॉक्लिया हाडाने भरलेला, आणि नस नसलेली लहान मुलं. २००५ मध्ये कोलेत्ती आणि अमेरिकेतले रॉबर्ट शॅनन यांनी एक पेपर लिहिला. गाठवाल्या रुग्णांपेक्षा बिनगाठीचे प्रौढ रुग्ण कितीतरी पुढे होते. काही जण चक्क फोनवर बोलू शकत होते. यंत्र तेच, इलेक्ट्रोड तेच, जागा तीच!

कुणीही डिबगिंग केलेला माणूस इथे खुर्चीत सरसावून बसेल. हार्डवेअर तेच आणि आउटपुट वेगळं, म्हणजे दोष हार्डवेअरमध्ये नाही. बहुधा गाठीने किंवा ती काढताना न्यूक्लियसलाच इजा होत असावी, असा तर्क निघाला. वीस-पंचवीस वर्षं ज्याला यंत्राची मर्यादा समजत होते ती कदाचित आजाराची मर्यादा होती. याच भरवशावर मुलांचा रस्ता उघडला. आपल्याकडे चेन्नईत मोहन कामेश्वरन यांच्या संस्थेतही लहान मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली आहे.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही ना.

कॉक्लियात पट्ट्या ओळीने मांडलेल्या असतात म्हटलं ना, तशा त्या कॉक्लिअर न्यूक्लियसमध्येही असतात, पण पृष्ठभागावर नाही, आत खोलवर जाणाऱ्या थरांत. आणि आपली इलेक्ट्रोडची पट्टी, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, बसते वरून. म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्या एकावर एक रचून ठेवल्यात आणि तुम्हाला फक्त वरून दाबायची परवानगी आहे. आत टोचणाऱ्या सुयांचे इलेक्ट्रोडही एनएफ-२ च्या रुग्णांत करून पाहिले, पण निकाल काही सुधारले नाहीत.

शिवाय शेजार वाईट. अगदी जवळ चेहऱ्याची नस, गिळण्याची नस, तोल सांभाळणारी केंद्रं. एखाद्या इलेक्ट्रोडला वीज दिली की आवाजाऐवजी चक्कर येते, घशात काहीतरी होतं, गाल उडतो. मोठा माणूस सांगू शकतो, "अहो, हे नको, मळमळतंय." मग तो इलेक्ट्रोड बंद करायचा. दोन वर्षांचं मूल काय सांगणार? ज्याने आवाज कधी ऐकलाच नाही, त्याला 'आवाज' आणि 'गुदगुल्या' यातला फरक तरी कसा विचारणार? त्यामुळे ऑडिऑलॉजिस्ट त्याच्या चेहऱ्याकडे बघत, हृदयाचे ठोके मॉनिटरवर ठेवत, एकेक इलेक्ट्रोड थोडा थोडा वाढवत जातो. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, आणि तो महिनोन्महिने बदलत राहतो. टेस्ट केसेस नाहीत, लॉग नाहीत, युजर बोलत नाही. आपण असा प्रोजेक्ट घेतला असता का?

आता माझ्या एका रविवारच्या उद्योगाबद्दल सांगतो.

वर ज्या रॉबर्ट शॅनन यांचं नाव आलं, त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९५ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बोललेलं वाक्य घ्यायचं, त्याचे फ्रिक्वेन्सीचे फक्त चार पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्यातला मूळ आवाज टाकून द्यायचा आणि त्याचा चढउतार तेवढा ठेवून तो खरखरीवर चढवायचा. उरतं ते जुन्या रेडिओचं स्टेशन न लागल्यासारखं काहीतरी. पण थोड्या सरावानंतर ऐकणाऱ्यांना यातलं जवळजवळ सगळं बोलणं समजत होतं. फक्त चार पट्टे!

इंजिनिअरिंगला शिकलेलं डीएसपी एकदा तरी कामी यावं म्हणून मी हे घरी करून पाहिलं. पन्नासेक ओळींचा कोड. इनपुट म्हणून आईची व्हॉट्सअॅपवरची व्हॉइस नोट घेतली: "जेवलास का रे? आणि गणपतीला नक्की कधी येतोयस ते सांग." चार पट्टे केले आणि ऐकलं. मला स्वच्छ ऐकू आलं, अगदी आईचा सूरसुद्धा आल्यासारखा वाटला. खूश होऊन सोलापूरच्या रूममेटला ऐकवलं. तो म्हणाला, "हे काय, प्रेशर कुकर आहे का?" मग त्याला वाक्य सांगितलं आणि पुन्हा लावलं. "अर्रे! सगळं ऐकू येतंय की!" आणि एकदा ऐकू आल्यावर ते पुन्हा खरखर वाटेना. तिसरा रूममेट विजयवाड्याचा, त्याला मराठी येत नाही. त्यालाही वाक्य सांगितलं, दोन-तीनदा लावलं. तो हसून म्हणाला की कुणीतरी काहीतरी विचारतंय एवढं कळतं, बाकी फुस्स फुस्स.

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, तीन पोरं आणि एक स्पीकर. पण मला त्या दुपारी जे कळलं ते आधी वाचून कळलं नव्हतं. तिघांच्या कानात एकच सिग्नल गेला. मला आणि सोलापूरकराला जे 'ऐकू' आलं त्यातलं बरंचसं सिग्नलमध्ये नव्हतंच. ते आमच्या डोक्यात आधीपासून होतं. आमच्याकडे मराठी होती, तिने गाळलेल्या जागा भरल्या. तिसऱ्याकडे ती नव्हती.

आता मोठेपणी बहिरा झालेला माणूस आणि जन्मतः बहिरं मूल यांतला फरक बघा. व्हेरोनाला फोनवर बोलू लागलेल्या प्रौढांकडे इटालियन आधीपासून होती. तुटक सिग्नल आला की मेंदू शब्दकोश काढून बसतो. जन्मतः बहिऱ्या मुलाकडे तो कोशच नाही. त्याला त्याच खरखरीतून आधी कोश बनवायचाय आणि मग तो वापरायचाय. आणि ब्रेनस्टेम इम्प्लांटचा सिग्नल साधारणपणे कॉक्लिअर इम्प्लांटपेक्षा बराच अस्पष्ट.

मुलाच्या बाजूने एकच गोष्ट असते, त्याचा मेंदू अजून ओला आहे. पण ती माती वाळते. अमेरिकेतल्या संशोधक अनु शर्मा यांनी २००२ मध्ये दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांत मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद लवकरच वयाला साजेसा होतो, आणि सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेकांत तो तसा होत नाही. श्रवणाची ती जागा फार काळ रिकामी राहत नाही, दुसरी कामं तिथे बस्तान बसवतात. म्हणून डॉक्टर घाई करतात, आणि ती घाई योग्यच आहे.

पण याच घाईत एक गडबड होते. आईबाप म्हणतात, एकदा यंत्र बसू दे, मग बोलायला शिकवू. आधी तपासण्या, मग कॉक्लिअर इम्प्लांट, सहा महिने वाट, उपयोग नाही, मग ब्रेनस्टेमचा निर्णय, शस्त्रक्रिया, स्विच-ऑन, मग महिनोन्महिने नकाशे. या सगळ्यात मूल चार वर्षांचं होतं आणि त्याच्याकडे एकही भाषा नसते. ना मराठी, ना खुणांची. ते तहान लागली तर बोट दाखवतं, पण 'काल आजोबा का रडत होते' हे विचारू शकत नाही. श्रवणाच्या घड्याळाबद्दल सगळे बोलतात, पण भाषेचंही घड्याळ चालू असतं, आणि ते यंत्राची वाट बघत थांबत नाही.

खुणांची भाषा शिकवली तर मूल आळशी होईल, बोलणार नाही, ही समजूत फार जुनी आहे. १८८० मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून फक्त बोलणं शिकवावं असा ठराव झाला. कित्येक पिढ्या हात बांधून वाढल्या. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडलं, कॅनडात व्हँकूव्हरच्या परिषदेत. आपल्या मराठीतला 'मूकबधिर' हा शब्दच बघा ना. बधिर ठीक आहे, पण मूक का? त्या मुलांचे गळे धडधाकट असतात. त्यांना भाषा मिळाली नाही म्हणून ती गप्प असतात, आणि आपण दोन्ही शब्द चिकटवून टाकले.

मला यंत्राच्या विरोधात लिहायचं नाहीये, उलट मी त्याच्या प्रेमातच आहे. म्हणणं एवढंच की खुणांची भाषा हा 'प्लॅन बी' नव्हे. यंत्राने काम केलं नाही तर बघू, असं तिच्याबाबतीत चालत नाही. ती पहिल्या दिवसापासून समांतर चालू हवी. यंत्र चाललं तर सोन्याहून पिवळं, कारण डोक्यात आधीच भाषा असलेलं मूल त्या खरखरीला काहीतरी जोडू शकेल. पाणी म्हणजे काय हे हाताने माहीत असलेल्या मुलाला 'पाणी' हा आवाज शिकवणं सोपं, असं मला तरी वाटतं. आणि यंत्र नाही चाललं, तरी मूल भाषेविना राहिलं नाही.

आपल्याकडे निदान साधनं तरी तयार होतायत. २०१३ मध्येच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, २०२१ पर्यंत तिने १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश केला. तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. मी परवा त्यातून 'आई', 'पाणी', 'शाळा' शिकून पाहिले. एका संध्याकाळचं काम.

मग ब्रेनस्टेम इम्प्लांटचा 'चांगला' निकाल म्हणजे काय? अनेक मुलांसाठी उत्तर असं आहे: मागून हॉर्न वाजला तर कळतो. कुकरची शिट्टी कळते. हाक मारली की वळून बघतं. काहींना ठरावीक शब्दांतून शब्द ओळखता येतो. नुसतं ऐकून गप्पा मारू शकणारी थोडी. व्हिडिओ बघून आपण मनात जी अपेक्षा धरतो त्यापुढे हे फार कमी वाटतं. पण रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू येणं ही कमी गोष्ट आहे का? कमी वाटतं ते आईबापांना, आणि तेही कुणी आधी नीट सांगितलेलं नसतं म्हणून. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कवटी उघडायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असतो, "बोलायला लागेल ना?" त्याचं प्रामाणिक उत्तर आहे, "आवाज बहुधा येईल. बोलणं सांगता येत नाही. भाषा मात्र तुम्ही आजपासून देऊ शकता, त्याला ऑपरेशन लागत नाही."

हे उत्तर दीड मिनिटाच्या व्हिडिओत बसत नाही, हे मान्य.

असो. बरंच लांबलं. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ हाकेला बघत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणून सोडून देऊ नका. ओएई पास झालं असेल तरीही. लवकरात लवकर नीट तपासून घ्यायला सांगा, आणि सोबत त्या दहा हजार शब्दांची लिंक पाठवा.